पाठमोरी माणसं

एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय 36, मूळ लातूर जिल्ह्यातले, गेली 9 वर्षं वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. बायको बचत गटात रुळली. दुसरीतली मुलगी घरात मालवणी बोलते आणि बाबांचे उच्चार सुधारते. यांचं मात्र गावात कुठेच जमत नाही. भजनाला, लग्नाला, हळदीला, स्नेहसंमेलनानंतरच्या जेवणाला ते जातात आणि कोपरा धरून बसतात. तीन वर्षांपूर्वी खिशात मावेल अशी वही आणि जलरंगांची लहान डबी जवळ ठेवायला लागले. चित्र काढत बसलं की कोणी बोलायला येत नाही आणि आपण एकटे पडलोय असंही दिसत नाही. अलीकडे रविवारी शहरात स्केचिंगला जमणाऱ्या मंडळींबरोबर जातात, पण तिथे बहुतेक जण कला महाविद्यालयांत शिकलेले आणि हे डी.एड., त्यामुळे तिथेही गप्प. ते लिहितात: "गावात मी घाटावरचा, चित्रकारांत मी मास्तर. चित्र बाजूला ठेवून माणसांत मिसळायला शिकू, की माणसांचा नाद सोडून नुसतं चित्रच काढू? की आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरून गावी जाऊ?" सोबत वहीतल्या सहा पानांचे फोटो पाठवले आहेत.

गुरुजी,

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि तुमची सहा पानं तीनदा पाहिली. कुडाळजवळच्या एका हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे मला आधी चित्र दिसतं आणि मजकूर मागाहून. म्हणून सुरुवात पानांपासूनच करते.

पहिल्या पानावर देवळाच्या सभामंडपात भजनाला बसलेली माणसं आहेत. दुसऱ्यावर लग्नात पंगतीची वाट बघत उभी असलेली. तिसऱ्यावर बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायका, पाचव्यावर एसटीच्या थांब्यावरची गर्दी, सहाव्यावर पुन्हा भजन. चौथ्याबद्दल नंतर बोलते. या पाच पानांवर मी मोजली, 31 माणसं आहेत. चेहरा एकाचाही नाही. सगळी पाठमोरी.

हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला वाटतं, नसावं. पत्रात तुम्ही रेषेबद्दल लिहिलंय, छाया नीट पडत नाही म्हणून लिहिलंय, स्वस्त कागदाबद्दल लिहिलंय, पण याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही मागे बसता, खांबाला टेकून, दाराजवळ, पटकन उठून जाता येईल अशा जागी. तिथून पाठीच दिसणार. मग घरी गेल्यावर वही उघडली की त्यात 31 पाठी, आणि मन म्हणतं, बघ, सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आहे. गुरुजी, त्यांनी पाठ फिरवलेली नाही. भजनातली ती माणसं देवाकडे तोंड करून बसली आहेत.

आता चौथं पान. त्यावर फक्त दोन हात आणि पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापलेली कणीक तुम्ही काढली आहे, आणि कणकेच्या कडेला उमटलेले बोटांचे ठसेसुद्धा. उजव्या हाताच्या करंगळीचं नख थोडं वाढलेलं आहे, तेही आलंय. हे काही खांबामागून दिसत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही त्या माणसापासून फार तर दोन हातांवर होता. सहा पानांतलं ते सगळ्यात जिवंत पान आहे, हे मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते आहे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे. चित्र की माणसं, असा प्रश्न तुम्ही मला विचारलात. तुमच्याच वहीत दिसतंय की तुम्ही माणसाच्या जवळ गेलात तेव्हा चित्र सुधारलं.

माणसांशिवाय थोर चित्रं होत नाहीत असं मला म्हणायचं नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता झालेले आपल्या कोकणातले प्र. अ. धोंड यांचे जलरंगातले समुद्र पाहा. नुसतं पाणी, आभाळ आणि ओली वाळू, त्यात काही कमी वाटत नाही. तुम्हाला समुद्र काढावासा वाटत असता तर मी म्हटलं असतं, खुशाल किनाऱ्यावर बसा आणि कोणाशी बोलू नका. पण वेंगुर्ल्यात राहून तीन वर्षांत तुम्ही समुद्राचं एक पान पाठवलेलं नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा माणसांकडेच जाता.

दुसरी गोष्ट. गावात बाकी सगळे एकमेकांचे आणि आपण एकटे बाहेरचे, असं तुम्ही धरून चाललात. तुमच्या गावातल्या बायकांना एकदा विचारून बघा, त्यातल्या किती जणींचा जन्म त्या गावातला आहे. अर्धं गाव लग्न होऊन बाहेरून आलेलं असतं. गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरतो, कुठली चादर कुठे ठेवलीय ते त्याला वहिनीला विचारावं लागतं. मी स्वतः 1984 साली मिरजेहून इथे सून म्हणून आले. पहिल्या गणपतीत मला आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवता येईना. तिघी जावा माझ्याकडे बघत होत्या. कोणी हसलं नाही, पण एकीने हळूच नारळाची वाटी माझ्या हातातून काढून घेतली. ते अजून आठवतं. रात्री मी माडीवर जाऊन रडले होते.

मला त्या घरात जागा मिळाली ती एका भिंतीमुळे. आमच्याकडे सिंधुदुर्गात अनेक घरांत गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी रंगवतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. आमची भिंत रंगवणारा पोरगा एका वर्षी मुंबईला नोकरीला गेला. सासरे म्हणाले, तू चित्रकलेचं शिकलीस ना, मग रंगव. डिंकाच्या पाण्यात पावडरचे रंग कालवून मी मोर आणि कमळं काढली. पोरं वाट्या धरून उभी. शेजारची आजी दारातून म्हणाली, मोराची मान आखूड झाली. खरंच झाली होती. मी ती तिच्यासमोर पुसून लांब केली. मग तिला वाटलं ही आपलं ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या घरची भिंत दाखवायला मला घेऊन गेली. पुढे अकरा वर्षं मी त्या वाडीतल्या भिंती रंगवल्या. नारळ मला आजही बेताचाच खवता येतो.

हे सांगायचं कारण असं की चित्र तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि चुकलेलंही होतं. तुमची वही मिटलेली असते. तीन वर्षांत तुम्ही ती किती जणांना दाखवलीत? पत्रातून तरी दिसतंय की बायकोला, आणि आता मला.

कुडाळजवळच्या पिंगुळीला तुम्ही गेला नसाल तर मुलीला घेऊन जा. तिथे ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या घराजवळ त्यांनी उभं केलेलं छोटं संग्रहालयही आहे. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांची पोथी. सांगणारा एकेक चित्र लोकांसमोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने त्यातली गोष्ट गातो. त्यातले चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, पण डोळा केवढा मोठा! समोरच्याने बघावं म्हणूनच ते चित्र काढलेलं असतं. इथल्या लोकांना चित्र दाखवणारा माणूस नवा नाही. पिढ्यानपिढ्या त्यांनी तो देवळात बसवून ऐकलेला आहे. वही उघडलीत तर तुम्ही काही विचित्र करताय असं कोणाला वाटणार नाही.

"खंयचे तुमी?" हा प्रश्न 9 वर्षांनीही कोणी ना कोणी विचारतं, आणि तुम्हाला तो टोचतो, असं तुम्ही लिहिलंय. मलाही टोचायचा. पण तो इथे प्रत्येकाला विचारतात, पलीकडच्या वाडीतल्या माणसालासुद्धा. त्यापुढे आडनाव, मग माहेर, मग कोण कोणाचा मावसभाऊ, असं करत करत कुठेतरी धागा सापडतो आणि चहा येतो. तुम्ही "लातूर" म्हणता आणि गप्प होता. लातूरला कोणाचा मावसभाऊ नसतो, म्हणून बोलणं तिथेच थांबतं. पुढे एक वाक्य तुम्ही घाला. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या मिरजेहून तुमच्या लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात ही गोष्ट सांगून बघा. घागरींच्या रांगा, टँकर, आंघोळीचं पाणी झाडाला घालणं. लोक हातातलं काम ठेवून ऐकतील आणि त्यांच्या विहिरींच्या गोष्टी सांगतील.

बदलीचं म्हणाल तर पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्हीच एक ओळ लिहिली आहे: "लहानपणी गावच्या लग्नांतही मी मांडवाच्या बाहेर झाडाखाली बसायचो." ती ओळ मी अधोरेखित करून ठेवली आहे. आईवडील थकले असतील, शेती बघायला कोणी नसेल, तर जरूर अर्ज भरा, ती कारणं खरी आहेत. पण झाडाखाली बसण्याची सवय मिटेल या आशेने जाऊ नका, ती तुमच्याबरोबर एसटीत बसून लातूरला येईल. आणि इथे मुलीने जी भाषा उचलली, ती तिच्यापासून तुटेल. मोजून पाहताना तिचंही माप घाला.

मग करायचं काय? पहिला चेहरा घरातला काढा. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं एक जलरंगातलं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. समईचा लहान दिवा हातात घेऊन उभी असलेली बाई, दिव्याचा उजेड बोटांतून पाझरतोय आणि चेहऱ्यावर पडलाय. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रासाठी उभी राहिलेली मॉडेल होती त्यांची स्वतःची मुलगी. तुमच्याही घरी एक आहे. रविवारी सकाळी तिला खिडकीजवळ बसवा, वीस मिनिटं. लहान मूल वीस मिनिटं गप्प बसत नाही, ते उत्तमच. ती बोलेल, मालवणीत बोलेल, आणि तुम्ही डोळे तिच्याकडे ठेवून, हात चालू ठेवून मालवणीतच उत्तर द्या. उच्चार ती सुधारेलच. चित्र बिघडलं तरी तिला द्या. तिने ते वर्गात नेऊन दाखवलं तर अडवू नका.

त्यानंतर बाहेरचा एक माणूस. एकच. "तुमचं चित्र काढू का?" असं तोंडाने विचारून. आतापर्यंत तुम्ही न विचारता काढत आलात. पाठमोऱ्या चित्रात ते खपून जातं, चेहऱ्याला विचारावंच लागतं, आणि बऱ्याचदा सगळं बोलणं त्या विचारण्यातूनच सुरू होतं. नको म्हणाले तर "बरं" म्हणून वही मिटायची. मयताच्या घरी, आजाऱ्याच्या खाटेजवळ वही काढायची नाही. देवळात गाभाऱ्याच्या बाजूला काढायचं असेल तर गुरवांना किंवा मानकऱ्यांना आधी विचारायचं. फोटो काढून घरी जाऊन चित्र करू नका. समोर बसलेला माणूस कंटाळतो, हलतो, नाक खाजवतो, "माझा नाक येवढा मोठा आसा?" असं विचारतो, आणि तुम्ही हसता. मोबाइलमधल्या फोटोशी असं काही होत नाही. चित्र पुरं झालं की पान फाडून त्याला द्या. वही सलग राहावी असा चित्रकाराचा हट्ट असतो, माझाही होता, पण या कामासाठी सुटी पानं वापरा.

एक धोकाही सांगून ठेवते. गुरुजींना चित्र येतं असं कळलं की ग्रामपंचायतीचा फलक, क्रिकेटच्या स्पर्धेचा बॅनर, रांगोळी, लग्नाच्या गाडीवरची नावं, सगळं तुमच्याकडे येईल. नाही म्हणता न येणारा माणूस त्यात बुडतो आणि वर्षभराने चित्रालाच कंटाळतो. वर्षाला दोन कामं घ्या, बाकीच्यांना सरळ सांगा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आषाढ संपत आलाय. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात गणपतीची शाळा सुरू झाली असेल. तुम्ही शाळामास्तर, पण ही शाळा वेगळी: गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा. रात्री जेवणं उरकून तिथे जा. मूर्तिकाराला सांगा, मला रंगकाम थोडं येतं, पण आधी पॉलिश पेपर मारायला बसवा. खरंच तेच मागा. सुकलेल्या मूर्तीवरून कागद फिरवायचा, खड्डे भरायचे, मग पांढरा हात द्यायचा. अंगाचा रंग, पितांबर, दागिन्यांचं सोनेरी काम ही पुढची पायरी. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी आणि ती मुख्य मूर्तिकारानेच करायची, तिथे हात घालू नका, कोणी म्हटलं तरी पहिल्या वर्षी नाही.

तुमच्यासारख्या माणसासाठी यापेक्षा चांगली बैठक मला माहीत नाही. पंगतीत, लग्नात माणसं समोरासमोर असतात, काय बोलायचं हे शोधावं लागतं. गणपतीच्या शाळेत सगळे शेजारी शेजारी बसतात, नजर मूर्तीवर, हात कामात. कोणी अर्धा तास बोललं नाही तरी ते कोणाला खटकत नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, शंभर पॉवरच्या बल्बभोवती पाखरं फिरतात, कोणीतरी काळा चहा आणतं. अकरा वाजता एखादा विषय निघतो, गेल्या वर्षी कोणाच्या मूर्तीचा हात वाटेत मोडला वगैरे, आणि बोलता बोलता तुम्हीही त्यात आलेले असता. गावातल्या प्रत्येक घरचा माणूस चतुर्थीच्या आधी आपला पाट घेऊन तिथे येतो. तुमच्या हाताने रंगवलेलं पितांबर त्याच्या घरी जाईल.

शहरातल्या रविवारच्या मंडळींबद्दल थोडंच सांगते, कारण तो प्रश्न मला हलका वाटतो. माझं चित्र मुंबईत एका प्रदर्शनात लागलं होतं, तेव्हा उद्घाटनाला मी सरबताचा पेला धरून स्वतःच्याच चित्राशेजारी दीड तास उभी होते. ओळखीचं कोणी नाही, इंग्रजीत बोलणं चाललेलं. एक वयस्कर चित्रकार आले आणि त्यांनी विचारलं, "कागद कुठला?" बस, तेवढं. पण मग आम्ही कागदावर पाऊण तास बोललो. तुम्हीही तिथे आपलं ज्ञान दाखवायला जाऊ नका, अडचण घेऊन जा. पावसात कोकणात पहिला हात वाळतच नाही, दुसरा द्यायला गेलं की चिखल होतो, हे काय करावं? कागदाला बुरशीचे ठिपके येतात आणि तिथे रंग शाईसारखा शोषला जातो, हे काय करावं? हा त्रास कला महाविद्यालयात शिकलेल्यालाही तितकाच आहे. माझ्यापुरतं उत्तर असं: कोरा कागद पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते, आणि पावसाळ्यात एकाच हातात संपेल असं लहान चित्र काढते. त्यांच्याकडे वेगळं उत्तर असेल, ते मलाही कळवा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते, तुम्हाला आणि असंच पत्र लिहावंसं वाटणाऱ्या इतरांनाही. गप्प स्वभाव हा आजार नाही. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, चित्रसुद्धा काढावंसं वाटत नसेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर गणपतीची शाळा पुरी पडणार नाही, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही, तरी सांगितलं.

आणि एक विनंती. त्या चौथ्या पानाचा मालक तुमच्या सगळ्या पत्रात "पखवाजवाले काका" एवढाच आहे. पुढच्या गुरुवारी भजन आटोपलं, पखवाजाची कणीक काढून ते हात धुवायला विहिरीवर गेले, की मागोमाग जा, पान दाखवा आणि आधी त्यांचं नाव विचारून घ्या. ते चित्राखाली लिहायचं राहिलंय.